‘डॅडी घरी येऊ देत, मग बघ!’



परीक्षांचे निकाल लागले की आमच्या ऑफिसात येणाऱ्यांची संख्या वाढते. कोणी मिस्साचे इंटेन्शन लिहून द्यायला येतो, कोणाला शिफारसपत्र हवे असते. खरा विषय मात्र खुर्चीतून उठता उठता निघतो. अशाच एका संध्याकाळी एक भगिनी आल्या. मुलगा नववीत. सहामाहीला तीन विषय लाल शाईत होते, तेव्हा प्रगतिपुस्तकावर नवऱ्याची सही त्यांनी स्वतःच करून दिली होती. “ह्यांना कळलं असतं तर ह्यांनी त्याला फोडून काढला असता, फादर.” वार्षिक परीक्षेच्या सुमारास ते उघडकीस आले. घरात मोठे भांडण झाले आणि त्या रात्री मुलगा निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका मित्राच्या घरी सापडला. मधल्या रात्री त्याचे वडील टॉर्च घेऊन कशेळीच्या पुलावरून दोनदा चालत गेले होते. पूल खाडीवर आहे. अधिक लिहायला नको.

(हे घर कोणते, कोणत्या झोनमधले, याचा तपास कृपया करू नये. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांच्या गोष्टी आम्ही मुद्दाम एकत्र केल्या आहेत. पापनिवेदनात कानावर आलेले यात काहीही नाही.)

नंतर मुलाशी बोलणे झाले. मार बसेल म्हणून गेलास का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “माराचं काय नाय फादर, सवय आहे. मम्मी माझ्यासाठी खोटं बोलली आणि डॅडी तिला बोलत होते. माझ्यामुळं.”

या उत्तरावर आम्ही बरेच दिवस विचार करीत आहोत. आई वाईट नव्हती, वडीलही वाईट नव्हते. दोघांनी आपापला वाटा चोख उचलला होता. धाकाचे खाते वडिलांकडे, मायेचे खाते आईकडे. आजच्या लेखाचा विषय हीच वाटणी आहे.

अगोदर एक कबुली. आम्हांला मुले नाहीत. दुसऱ्यांच्या मुलांबद्दल बोलणे सोपे असते. तत्त्वज्ञान शिकताना रूसो हा फ्रेंच विचारवंत आम्हांला अभ्यासाला होता. मुलाला कसे वाढवावे यावर त्याने १७६२ साली ‘एमिल’ नावाचा गाजलेला ग्रंथ लिहिला, आणि स्वतःची पाचही मुले मात्र अनाथालयाच्या दारात नेऊन सोडली. तेव्हा उपदेश करणाऱ्यांकडे थोड्या संशयाने पाहावे, आमच्याकडेही. तरीसुद्धा इतकी वर्षे प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या, दृढीकरणाच्या वर्गांत मुले जे बोलतात आणि जे बोलत नाहीत ते आम्ही ऐकत आलो आहोत. त्या आधारावर हे लिहितो.

‘डॅडी घरी येऊ देत, मग बघ!’ हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही असा माणूस आपल्या बाळकुममध्ये विरळा. हे वाक्य आले कोठून तेही लक्षात घेऊ या. कोळशेत रस्त्याच्या अंगाला कंपन्या होत्या तेव्हा आपल्या कित्येक घरांत वडिलांची शिफ्ट असे. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला, म्हणून घरात आवाज करायचा नाही. दिवसपाळी असेल तर तो अंधार पडल्यावर येणार. दिवसभर चार मुले, सासू, शेजार आणि नळाचे पाणी यांना एकटीने तोंड देणाऱ्या आईकडे मुलाला आवरण्याचा एकच सोपा उपाय उरे. नवऱ्याचा धाक ती उसना घेई. म्हणजे त्या वाक्यात क्रूरपणा नव्हता, दमणूक होती. पण ऐकणाऱ्या मुलाच्या मनात काय तयार झाले? वडील ही घरी येणारी शिक्षा आहे. दारावर सायकलची घंटा वाजली की मुले पुस्तक उघडीत, याचे अनेक वडिलांना कौतुकही वाटे.

आज कंपन्या गेल्या, टॉवर उभे राहिले, आईही लोकल पकडून कामाला जाते. वाटणी मात्र तशीच राहिली आहे, फार तर तिची बाजू बदलली आहे. अलीकडे बऱ्याच घरांत आठवडाभर आई अभ्यास घेते, ओरडते, मोबाइल काढून घेते. रविवारी डॅडी मॉलमध्ये नेतात आणि मागेल ते देतात. मग मुलांच्या लेखी मम्मी खडूस आणि डॅडी ‘कूल’. ज्यांचे वडील आखातात किंवा बोटीवर आहेत त्यांची गोष्ट आणखी वेगळी. आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल लागतो आणि आई तक्रारींची यादी वाचते. हजारो मैल दूर असलेला तो बिचारा माणूस, मुलाचे तोंड बघायला आसुसलेला, दहा मिनिटे ओरडून फोन ठेवतो. त्याला तरी ते हवे असते का?

पालकांच्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचे नाव आजही प्रथम घेतले जाते. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठात त्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांचा व त्यांच्या घरांचा अभ्यास केला आणि १९६६-६७ च्या सुमारास आपले निष्कर्ष मांडले. त्यांना तीन प्रकारची घरे दिसली. पहिले हुकमी घर. तेथे नियम कडक असतात, पण नियमाचे कारण विचारायची सोय नसते. दुसरे लाडाचे घर. तेथे माया भरपूर, पण ‘नाही’ हा शब्द नाही. तिसऱ्या घरात नियम असतात, ते पाळून घेतले जातात, आणि ‘का?’ या प्रश्नाला उत्तरही मिळते. मूल चुकले तर त्याला थांबवतात, पण त्याच्याशी बोलणे थांबवत नाहीत. या तिसऱ्या पद्धतीला आपण समंजस म्हणू. १९८३ साली मॅकोबी आणि मार्टिन या दोघा अभ्यासकांनी मांडलेल्या चौकटीतून चौथा प्रकार पुढे आला. तेथे धाकही नाही आणि मायाही नाही. मूल नुसते घरात राहते.

बॉमरिंडबाईंना आढळले ते असे. हुकमी घरांतली मुले अधिक घुमी, नाखूश, दुसऱ्यावर विश्वास न टाकणारी. लाडाच्या घरांतली मुले, आपली अपेक्षा असते त्याच्या उलट, सर्वांत कमी स्वावलंबी. स्वतःला आवर घालणे त्यांना सर्वांत कठीण. समंजस घरांतली मुले स्वतःवर ताबा ठेवणारी आणि नवे काही करून पाहायला न घाबरणारी. पुढे इतर अभ्यासकांनी मोठ्या वयाच्या मुलांमध्येही साधारण हेच पाहिले.

हे वाचून लगेच ‘आम्ही कोणत्या प्रकारात?’ असा कौल लावू नये. त्या पहिल्या अभ्यासातली घरे बहुतांशी सुस्थितीतील गोऱ्या अमेरिकन कुटुंबांची होती. १९९४ साली रूथ चाओ या अभ्यासक बाईंनी दाखवून दिले की चिनी घरांत जो कडकपणा दिसतो त्याचा अर्थ मुलाला नेहमी ‘आपण नकोसे आहोत’ असा लागत नाही; आईबाप आपल्यासाठी झिजत आहेत, असाही लागू शकतो. आपल्या घरांना हे पुष्कळ लागू पडेल. शिवाय मूलही पालकाला घडवते. शांत मुलाचे आईबाप सहज समंजस होतात; ज्याच्या पायाला भिंगरी आहे त्याचे आईबाप चढ्या आवाजाचे होतात आणि मग लोक म्हणतात, त्यांच्या ओरडण्यामुळे मूल असे झाले.

पण या सर्व अभ्यासातून आमच्या मनाने एक गोष्ट धरली आहे, आणि ती आपल्या धर्मग्रामाला सांगावीशी वाटते. तिसऱ्या घरात धाक आणि माया दोन्ही आहेत खऱ्या, पण त्या दोन माणसांत वाटलेल्या नाहीत. त्या एकाच माणसात आहेत. ‘नाही’ म्हणणारे तोंड आणि जवळ घेणारा हात एकाच व्यक्तीचा आहे. एक हुकमी वडील आणि एक लाड करणारी आई यांची बेरीज करून समंजस घर होत नाही. तेथे मुलाला दोन अर्धे पालक मिळतात. एकापासून लपायचे आणि दुसऱ्याच्या मागे लपायचे, एवढे ते फार लवकर शिकते.

बायबलमध्ये असे एक घर अगदी सुरुवातीलाच आहे. इसहाकाचा जीव एसावावर, रिबेकेचा याकोबावर (उत्पत्ती २५:२८). बाप आंधळा झालेला. आई धाकट्याच्या हातांना करडांची कातडी बांधते, त्याला थोरल्याचे कपडे घालते आणि बापाला फसवायला पाठवते (उत्पत्ती २७). मुलगा कचरतो, तर ती म्हणते की शाप लागलाच तर तो मला लागू दे. आमच्या ऑफिसात बसलेल्या त्या भगिनी हुबेहूब हेच बोलल्या होत्या, “डॅडींनी काय बोलायचं ते मला बोलू दे, तू अभ्यास कर.” पुढे काय होते? याकोबाला पळून जावे लागते. तो वीस वर्षे परक्या घरी राबतो आणि तेथे स्वतःही फसवला जातो. आई त्याला ‘थोडे दिवस जा’ म्हणून धाडते, पण त्या दोघांची पुन्हा भेट झाल्याचे बायबलमध्ये कोठेही नाही. आणि हाच याकोब बाप झाला तेव्हा त्याने योसेफाला तो खास अंगरखा शिवून दिला आणि आपले घर पुन्हा तसेच दुभंगून ठेवले. ज्या घरात वाढलो तेच घर आपण नकळत परत बांधतो.

आता आपल्या मराठी मुलखातले एक घर पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याला त्यांच्या गीतांमुळे ठाऊक आहेत. ते प्रोटेस्टंट पंथाचे, तरी मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके नाहीत. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, बहुतेक काळ घरापासून दूर, स्वभावाने कमालीचे तापट. आई जानकीबाई मायाळू, भाविक, गाण्या-ओव्यांची आवड असलेली. टिळकांमधल्या कवीचे मूळ या माउलीत होते. पाहा, पुन्हा तीच वाटणी. धाक सगळा एकीकडे, माया सगळी दुसरीकडे. आई असेपर्यंत असे घर कसेबसे चालते. पण टिळक अकराएक वर्षांचे असताना आई गेली. त्या मुलाने घर सोडले. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे राहून तो संस्कृत शिकला, मोठा झाला.

या प्रसंगाकडे आपण सहसा ‘केवढा हा मनस्वी कवी’ अशा कौतुकाने बघतो. जरा त्या वयाकडे बघा. अकरा वर्षे म्हणजे आपल्या वेदीसेवकांमधला मधल्या रांगेतला मुलगा. घरात वडील होते, छप्पर होते. पण घर म्हणावे असे जे काही होते ते सगळे एकाच माणसाकडे ठेवलेले होते, आणि ते माणूस गेल्यावर त्याच्यासाठी तेथे काही उरले नाही. वामनरावांचे मुलावर प्रेम नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. माणसाच्या पोटातले कोणाला कळते? पण ते प्रेम आपल्यालाही दाखवता यायला हवे, ही गरज त्यांना कधी भासली नसावी. ते खाते पत्नीकडे होते.

लक्ष्मीबाईंच्या माहेरची तऱ्हा निराळी. त्यांचे आत्मकथन ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते जरूर मिळवून वाचावे. सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकिगत आहे. बाहेरून घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, आणि त्या नियमाला कोणाचा प्रश्न नाही. लक्ष्मीबाई हे सर्व हसत हसत सांगतात, पण एका माणसाच्या हट्टाभोवती अख्खे घर कसे फिरत होते ते लपत नाही. याच लक्ष्मीबाईंनी पुढे अहमदनगरला आपले दार कोणासाठी बंद ठेवले नाही.

आणि टिळक स्वतः? वडिलांचा राग त्यांच्यातही उतरला होता. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला तो पानोपानी भेटतो. पण एक फरक भेटतो. टिळकांचा राग जितक्या वेगाने चढे तितक्याच वेगाने उतरे, आणि मग आपले चुकले हे ते उघड मान्य करीत. त्यांच्या संसारात ओढाताण काही कमी नव्हती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली आणि लहानगा दत्तू आईबरोबर राहिला. अशा मुलाच्या मनात वडिलांविषयी कायमची अढी बसली असती तर कोणी त्याला दोष दिला नसता. परंतु याच देवदत्तांनी मोठेपणी आईला आग्रह करून आठवणी लिहायला लावल्या, म्हणून ते पुस्तक आज आपल्या हाती आहे. वडिलांबद्दल आणखी ऐकावे असे त्या मुलाला वाटत होते.

त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, टिळकांनंतर अडतीस वर्षांनी, १८९९ साली पालगडला साने गुरुजींचा जन्म झाला. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यातला पोहण्याचा प्रसंग आठवा. श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो. आई हातात शिमटी घेते, मारते आणि त्याला पोहायला पाठवते. तो पोहून घरी येतो तेव्हा तीच आई त्याच्या अंगावरचे वळ पाहून रडते, त्याला जवळ घेते आणि आपण असे का केले ते सांगते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हटलेले तिला सोसवले नसते. शिमटीची भलावण आम्ही करणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने (२००९, कलम १७) शाळेतसुद्धा मुलाला मारणे बंद केले आहे, आणि जे शिक्षकाला मना आहे ते घरात योग्य कसे? शिमटी बाजूला ठेवून उरलेले पाहू या. ‘वडील येऊ देत’ असे ती म्हणाली नाही. कडक व्हायचे काम तिने स्वतः केले, आणि म्हणून जवळ घ्यायचेही तिलाच करता आले. कारणही सांगितले. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोराटोरांपर्यंत सगळा महाराष्ट्र त्या आईसाठी रडला, ती नुसती मायाळू होती म्हणून नव्हे.

नीतिसूत्रांतले छडीचे वचन (नीतिसूत्रे १३:२४) आम्हांला तोंडपाठ सांगणारे वडील बरेच आहेत. त्यांना आमची विनंती की त्याच बायबलमध्ये संत पौल बापांना काय बजावतो तेही पाठ करावे. मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खचून जातील, अशा अर्थाचे तो दोनदा लिहितो (इफिस ६:४, कलस्सै ३:२१). दोन्ही ठिकाणी सूचना विशेषकरून बापांना आहे. मेंढपाळाच्या काठीचा उल्लेख स्तोत्र २३ मध्येही येतो, पण तेथे मेंढराला त्या काठीने धीर येतो. दुसऱ्या टोकाला दावीद आहे. त्याने आपल्या अदोनीया नावाच्या मुलाला, तू असे का केलेस, एवढेही आयुष्यात कधी विचारले नाही (१ राजे १:६). परिणाम असा की बाप जिवंत असतानाच मुलगा सिंहासनावर हक्क सांगू लागला.

मग आपले घर कसे आहे हे ओळखायचे कशावरून? आम्हांला एक साधी खूण सापडली आहे. मूल चूक लपवते की घेऊन येते?

संत जॉन बॉस्को दोन वर्षांचा होण्याआधीच, १८१७ साली, त्याचे वडील वारले. आई मार्गारिता, सालेशियन मंडळी तिला आजही ‘मम्मा मार्गारिता’ म्हणतात. शेतमजुरी, दुष्काळ, म्हातारी सासू, दोन स्वतःची मुले आणि एक सावत्र. धाक वाटून द्यायला दुसरे कोणी नव्हतेच. एक गोष्ट सांगितली जाते. आई बाजाराला गेलेली असताना छोट्या जॉनच्या हातून तेलाचे भांडे फुटले. सारवासारव जमेना. तेव्हा त्याने झाडाची एक फोक तोडली, ती छान तासली, आणि आई येताना दिसली तसा तो रस्त्यावर सामोरा गेला. घडले ते सांगितले आणि फोक तिच्या हातात दिली. आईला हसू आले. आम्हांला या गोष्टीत आवडते ते त्याचे धावत सामोरे जाणे. शिक्षा होणार हे त्याला माहीत होते, म्हणजे घरात नियम होता. तरी तो आईच्या दिशेने गेला. पुढे तुरिन शहरात रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करताना डॉन बॉस्कोने विवेक, धर्म आणि प्रेमळपणा यांवर उभारलेली आपली पद्धत १८७७ साली लिहून काढली. तिचा पहिला धडा त्याला बहुधा त्या रस्त्यावर मिळाला असावा.

आपल्या धर्मग्रामात विधवा माता आहेत, एकट्याने मुले वाढवणारे काही वडीलही आहेत. ‘बाप नाही ना, म्हणून वळण नाही’ असे त्यांना ऐकवले जाते, कधीकधी चर्चच्याच आवारात. कृपया हे थांबवावे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कराव्या लागतात त्या घरांतली कित्येक मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना कोणापासून काही चोरून ठेवायची सवय नसते.

येथे आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी असताना, मिस्सा सुरू व्हायच्या आधी एका वेदीसेवकाच्या हातून धूपदाणी पडली आणि गालिचा जळला. आम्ही सर्वांसमोर त्याला नको ते बोललो. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही म्हटले, आजची मुले नाजूक. महिन्याने त्याची आजी भेटली आणि म्हणाली, “फादर, पोरगा विचारतो, तुम्ही अजून रागावलात का?” आमचा राग त्याच दिवशी जेवणापर्यंत संपला होता. पण ते त्याला कोणी सांगायचे? शिक्षा देणाऱ्याच्या मनात ती केव्हाच संपलेली असते. मुलाच्या मनात ती चालूच राहते. आम्ही त्याच्या घरी गेलो. गालिचा जळाला हे खरेच होते, पुढे काळजी घे असेही सांगितले, आणि बोललो ते चुकीचे बोललो हेही सांगितले. धूपदाणी पुन्हा त्यानेच धरली.

लहान लहान गोष्टींनी सुरुवात करता येते. ‘डॅडींना सांगेन’ हे वाक्य बंद करून पाहावे. जे आईच्या समोर घडले ते आईने तेथेच निकालात काढावे. वडिलांना कळवायचे ते कळवावे, पण धमकी म्हणून नको. ‘डॅडींना सांगू नको हं’ हे वाक्यही त्याच्याबरोबर बंद करावे, ते पहिल्याहून घातक आहे. वडिलांनी घरात पाय टाकल्यावर पहिले दहा मिनिटे मार्कांविषयी बोलू नये. बोटीवरच्या वडिलांना तक्रारींची यादी मेसेजवर वेगळी पाठवता येते. व्हिडिओ कॉल मुलाचा असू द्या. आणि नवराबायकोचे एखाद्या शिक्षेविषयी जमत नसेल तर तो वाद मूल झोपल्यावर घालावा. बाळकुमच्या जुन्या घरांत भिंती पातळ आहेत हे मान्य, नव्या टॉवरमधल्याही फारशा जाड नाहीत. तर टेरेसवर जा. आजी-आजोबांनी नातवाचे लाड जरूर करावेत, फक्त आईने नाही म्हटलेली वस्तू पदराआडून देऊ नये.

मुले कोठे आहेत हे आजकाल फोनवर नकाशात दिसते, आणि पुष्कळ पालकांना त्याचे समाधान असते. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात मुलांच्या संगोपनावर एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे. मूल या क्षणी कोणत्या जागी आहे यापेक्षा ते मनाने कोठे आहे हा प्रश्न त्यांनी मोठा मानला. त्या नववीतल्या मुलाच्या फोनचा ठिकाणा घरच्यांना दिसत होता. फोन त्याने उशीखाली ठेवला होता.

शेवटी नाझरेथच्या घराकडे वळू. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला आणि आईबापांनी त्याला तीन दिवस शोधले (लूक २:४१-५२). तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडतो. मरिया काय करते? ती विचारते, बाळा, तू आमच्याशी असे का वागलास? तिच्या बोलण्यात राग आहे, दुखावलेपण आहे, पण तो खरोखरचा प्रश्न आहे, आणि ती उत्तरासाठी थांबते. पुढे ती म्हणते की तुझे वडील आणि मी, दोघेही घाबरून तुला शोधत होतो. ‘तुझ्या वडिलांना कळू दे’ असे ती म्हणत नाही. योसेफ तेथे गप्प उभा आहे, पण तिच्या वाक्यात तो तिच्या बाजूला आहे. उत्तर मिळते, ते दोघांनाही कळत नाही. लूक हे स्वच्छ लिहून ठेवतो. ते त्याला घेऊन घरी येतात आणि तो त्यांच्या आज्ञेत राहतो. न कळलेले उत्तर मरिया मनात जपून ठेवते.

त्या घरातली ती रात्र आम्ही वर सांगितली. नंतरचेही थोडे सांगतो. वडील आमच्याकडे एकटे आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फादर, त्याच्याशी बोलायचं काय, तेच मला माहीत नाय. आमच्या बाबांनी पण कधी बोलला नाय.” आम्ही त्यांना म्हटले, पुलावर टॉर्च घेऊन गेला होता ते त्याला सांगा. मुलाला ते माहीतच नव्हते.

पालकांची सभा येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर हॉलमध्ये ठेवली आहे. मागच्या सभेला हॉल मातांनी भरला होता आणि वडील बोटांवर मोजण्याइतके होते, त्यांतले काही बाहेर स्कूटरवर बसून वाट पाहत होते. या वेळी कृपया आत यावे. चहाची सोय आहे.

तुमचे,
फादर